खिडकीजवळची खुर्ची

नवऱ्याची बदली झाली, तशी ती उपनगरात घर आणि शाळा शोधू लागली. शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या हसऱ्या, निवांत आया पाहून तिच्या पोटात दुखलं. लेकीला इथेच घालायचं, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं.

बालवर्गाच्या बाई लेकीला पाहताच म्हणाल्या, "आलीस का गं, ठमे?"

लेक सरळ जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली.

"अहो, आम्ही आज पहिल्यांदाच येतोय."

"काहीतरीच! रोज तर येते. आई सोडते ना तिची."

"तिची आई मीच आहे."

तेवढ्यात व्हरांड्यातून कुणीतरी लाडाने हाक मारली, "ठमे!"

लेक धावत सुटली आणि दाराआडच्या कुणाच्या तरी गळ्यात पडली. तिच्या स्वतःच्या गळ्यात लेक अशी कधीच पडली नव्हती.

"आई," लेक दाराआडून विचारत होती, "मला आज घेऊन आल्या, त्या बाई कोण गं?"