स्वस्तातला टॅब

निफाडहून आलेल्या बायडाबाईंना लेकीच्या नर्सिंगच्या अभ्यासासाठी टॅब हवा होता. रविराजनं दुकानातले दोन टॅब काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले.

“मावशी, स्वस्तातला घेऊन फसू नका. याला प्ले स्टोअर नाही, कंपनीनं दिलेली चार अ‍ॅप तेवढी चालतात. पुस्तकं उघडतील, लेक्चर दिसतील, पण व्हिडिओ कॉल होणार नाही.”

“अजिबातच नाय?”

“अजिबात नाही.”

“मागून कुणी टाकून दिलं तर?”

“टाकताच येत नाही. म्हणून तर म्हणतो, हा दुसरा घ्या. लेकीचं तोंड तरी दिसेल.”

बायडाबाईंनी स्वस्तातला टॅब उचलून छातीशी धरला.

“हाच द्या. पोरीकडं आता फोनबी नाय. जावई लय संशयी हाय. पोरगी वर्गात असली तरी कॉल करतो, कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायला लावतो. मागच्या महिन्यात उचलायला उशीर झाला, तर आधी फोन भिंतीवर आपटला, मग पोरीला.”

रविराजनं बिल लिहायला पेन घेतलं. काय एकेक माणसं असतात, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरला. एक वाजला होता; बायकोचा रोजचा व्हिडिओ कॉल. आता त्यानं सांगायच्या आधीच ती कॅमेरा फिरवणार होती. आधी स्वयंपाकघर, मग हॉल, मग दाराची आतून लावलेली कडी.