आधीचं परमिट

वर ‘परमिट’ असं ठळक लिहून ज्ञानेश्वरीने कागद पप्पांच्या ताटाशेजारी ठेवला आणि उगाचच पाण्याचा तांब्या भरून आणला.

पप्पा, म्हणजे झुंबर ढाकणे, बोईसरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी सुपरवायझर होते. त्यांच्याकडे वेल्डिंगची एक ठिणगी पाडायची तरी आधी परमिट लागायचं. पुढच्या बाजूला काम, धोका, काळजी; मागच्या बाजूला सह्या, काम संपल्यावर परमिट बंद करायची सहीसुद्धा. जुन्या कोऱ्या पॅडांचा गठ्ठा घरी रफ कामाला यायचा आणि ज्ञानी दुसरीत असल्यापासून त्याच्यावरच सगळं मागत आली होती. केस कापायचे, परमिट. सहल, परमिट. पप्पाही चेहरा न हलवता सही ठोकायचे.

पण आतापर्यंत तिने काही लपवून मागितलं नव्हतं.

‘काम: बाईकची ड्रॅग रेस,’ पप्पा वाचत होते. ‘जागा: क्लबची बंद धावपट्टी. अंतर: चारशे मीटर, सरळ. वळण: एकही नाही. समोरून गाडी, गुरं, कुत्री: नाहीत. हेल्मेट, जॅकेट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड: क्लबचे. अ‍ॅम्ब्युलन्स: दोन.’ खाली क्लबचं संमतीपत्र टाचलेलं होतं. सतरा वर्षांच्या मुलीला पालकांच्या सहीशिवाय प्रवेश नव्हता, आणि शेवटची तारीख आजचीच होती.

पप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि गाडी थांबायला पुढे किती जागा लागते ते विचारलं.

“ललितदादाच्या गाडीला शंभर मीटर तरी,” ज्ञानी म्हणाली आणि जीभ चावली. “म्हणजे, असं म्हणतात.”

ललितदादा म्हणजे तिच्या वर्गातल्या किंजलचा भाऊ, गॅरेजवाला. पप्पांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. तेच जास्त टोचलं.

कारण ती शंभर मीटर ज्ञानीने स्वतः मोजली होती. मागच्या रविवारी, सकाळी साडेसहाला.

बाईकचं पहिलं परमिट तिने त्याआधीच्या शुक्रवारी लिहिलं होतं. काम: सराव. जागा: बंद पडलेल्या कंपनीमागचा, पुढे भिंतीशी संपणारा रस्ता. तोंडाने मागायची हिंमत होईना, म्हणून चार घड्या घालून पप्पांच्या डब्याच्या पिशवीत ठेवलं. शनिवारी संध्याकाळी पिशवी उघडली तर कागद डब्याखाली तस्साच, चार घड्यांत. पप्पांनी पाहिलाच नव्हता. तिने तो उचलून केमिस्ट्रीच्या वहीत कोंबला आणि रविवारी जादा तास आहे असं सांगून निघाली.

सराव मात्र झकास झाला. कुणीतरी रस्ता झाडून ठेवला होता, खडी बाजूला. भिंतीच्या टोकाला नारिंगी जॅकेट आणि हेल्मेटवाला एक वॉचमन उभा होता, पायाशी आग विझवायचा लाल सिलिंडर. ललितदादा म्हणाला, गेलो कामातून, आता हाकलतील. पण वॉचमन जवळ आलाच नाही. ज्ञानीची गाडी थांबली की तेवढा हात वर करायचा. शेवटच्या फेरीनंतर तर त्याने टाळ्याही वाजवल्या.

त्या दिवशी ज्ञानी हवेत होती. घरी येईपर्यंत.

आईही तेव्हाच परतली होती. पहाटेच सातपाटीला बोंबील आणायला गेली होती, पण पिशवी रिकामी. होड्याच आल्या नाहीत म्हणाली. दमलेली दिसत होती, तरी बसून ज्ञानीसाठी गूळ-तुपाचा पोळीचा लाडू वळला. जादा तासाला उपाशी गेली होतीस, असं म्हणाली. ज्ञानीला तो गिळवेना.

आईसमोर बाईकचं नावही काढायची सोय नव्हती. मामाच्या पायात बाईकवरून पडल्यापासून सळई होती, आणि गुडघा वाकत नाही म्हणून तो अजूनही खाटेवरच जेवायचा.

आत्ता आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कधीचं एकच पातेलं घासत होती.

“आईला विचारलंस?” पप्पांनी हळू आवाजात विचारलं.

“तुम्ही आधी सही करा. मग सांगते.”

“म्हंजे शिव्या मी खायच्या.” पप्पांनी हात धुतले, चष्मा काढला आणि कागद तिच्याकडे सरकवला. “नाय होणार सही.”

ज्ञानीने कारण विचारलं.

“आधीचं परमिट बंद झाल्याबिगर नवीन निघत नाय. इतक्या वर्षांत एवढं तरी शिकलीस ना?”

ओट्यावरचा पातेल्याचा आवाज थांबला.

मग ज्ञानीने सगळं सांगून टाकलं. रविवार, जादा तास, ललितदादाची गाडी, सहा फेऱ्या. लाडवाचंही. रेसला नाही गेले तरी चालेल, पण माझ्यावरचा विश्वास काढून घेऊ नका, असं ती म्हणाली. मध्येच रडू आलं तरी थांबली नाही.

पप्पांनी ऐकून घेतलं. रागावले नाहीत, समजूतही घातली नाही.

“परमिट आण,” ते म्हणाले.

तिने केमिस्ट्रीच्या वहीतून कागद काढला. एकेक घडी उलगडली. पुढच्या बाजूला तिचंच अक्षर.

“सह्या कुठं असतात?”

तिने कागद उलटा केला.

‘परवानगी देणार’ या रकान्यात पप्पांची सही होती, खाली शनिवारची तारीख. ‘काम सुरक्षित संपले, अर्जदाराची सही’ हा रकाना तेवढा रिकामा होता. आणि मधल्या, ‘कामाच्या जागी देखरेख’च्या रकान्यात, किराण्याच्या यादीतलं असतं तसं मोठं, तिरकं अक्षर होतं: सौ. सुगंधा झुंबर ढाकणे.