आईची टाळी

मटार सोलता सोलता आई म्हणाली, "समोरच्या भाटवडेकरांनी कानाचं यंत्र कपाटात ठेवून दिलं. म्हणे, बायको बोलते ते सगळं ऐकू येतं. दे टाळी."

विनोद संपला की तिचा तळवा पुढे यायचाच. मी उत्तरपत्रिका तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "आई, तू काय कॉलेजात आहेस का?"

हात थोडा वेळ तसाच थांबला. मग तिने आपल्याच दुसऱ्या हातावर टाळी दिली. "घे. माझी मीच दिली," म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही.

दहाव्या दिवशी भाटवडेकर नवरा-बायको भेटायला आले. भाटवडेकरांच्या कानात यंत्र होतं. निघताना बायको समोरच्या दारात शिरेपर्यंत ते रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "तुझ्या आईबद्दल लोक चांगलं बोलतील, ते ऐकावं म्हणून आज मुद्दाम यंत्र लावलं गं. पण तासभर हीच बोलतेय."

दार लावलं आणि मला हसू फुटलं. कधी एकदा आईला सांगते, असं होऊन मी स्वयंपाकघरात गेले. तिची खुर्ची रिकामी होती.

मी समोर बसले. टाळी नेहमी तीच मागायची. मी कधीच मागितली नव्हती. मी तळवा पुढे केला.

"आई," मी म्हणाले, "दे टाळी."