बत्तिसावं नाव

नवनवीन ऑनलाइन साधनं धुंडाळायचा बाईंना नादच लागला होता. नावं भरली की गरगर फिरून एकावर थांबणारं चक्र त्यांनी आधी घरीच वापरून पाहिलं. भांडी घासायची पाळी लागोपाठ तीनदा नवऱ्यावर आली, तेव्हा तो म्हणाला, "हे चक्र तुझ्या माहेरचं दिसतंय."

सोमवारी त्यांनी वर्गातल्या एकतीस मुलांची नावं भरली आणि पडद्यावर चक्र फिरवलं. ते थांबलं बत्तिसाव्या नावावर.

ती मुलगी गेल्या वर्षी शाळा सोडून गेली होती. बोलताना अडखळायची. एकदा उत्तर देताना ती एकाच अक्षरावर अडकली, तेव्हा बाईंनी तिची हुबेहूब नक्कल केली आणि सगळा वर्ग खो खो हसला. दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही. ही गोष्ट बाईंनी घरी कधी सांगितली नव्हती.

त्यांचे कान तापले. "चुकून आलं," असं पुटपुटत त्यांनी ते नाव काढून टाकलं आणि चक्र पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच नाव. मुलांकडे बघायचीही त्यांना लाज वाटली. पण कुणी हसत नव्हतं. सगळी मुलं मागच्या रिकाम्या बाकाकडे वळून बसली होती.

"चला, पुढचं नाव घेऊ," बाई कशाबशा म्हणाल्या.

पहिल्या बाकावरची मुलगी मान न वळवता हळूच म्हणाली, "थांबा ना बाई. ती सांगतेय. तिला थोडा वेळ लागतो."