एका हाताची सूचना

लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीचा डेस्कटॉप तो घरी बसून घडवायचा. वापरणारे सगळ्यांना दिसणाऱ्या पानावर सूचना लिहायचे आणि तो प्रत्येकाला गोड उत्तर द्यायचा.

“कीबोर्डच्या दोन कळा एकदम दाबायची सक्ती काढा. माझा एकच हात चालतो,” एका बाईने लिहिलं.

“ताई, दुसऱ्या हाताला काय झालं?”

“नवऱ्याने पिरगळून मोडला.”

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “असल्या माणसाला तुडवला पाहिजे. तुमचं काम आजच करतो.”

“अहो, जेवायला वाढू का?” आतून बायकोने विचारलं.

तो ताडकन उठला. स्वयंपाकघरात जाऊन त्याने तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. “काम करताना हाक मारायची नाही, किती वेळा सांगायचं? दुसरा हातही मोडू का?”

बोटांना लागलेलं रक्त पुसून तो परत बसला. “माफ करा ताई, जरा उठावं लागलं. आणखी काही सूचना?”

“सूचना नाही. आत्ताचा व्हिडिओ टाकलाय.”

त्याने तो उघडून स्वयंपाकघरातल्या स्वतःला ओळखेपर्यंत, खाली त्याच्या कामातल्या जोडीदाराचं उत्तर आलं होतं :

“वहिनी, आतून कडी लावून घ्या. आम्ही सगळे निघालोय.”