रुमाल टाकून धरलेली जागा

कांदे-बटाटे वॉर्ड नंबर सहा. बाबा, लिफ्टची फोडणी. चहा घेताय की भूकंप?

बहिऱ्या त्र्यंबकरावांच्या मेंदूतल्या नव्या चिपमध्ये सगळे आवाज असे एकमेकांत घुसत होते. आज जमलं नाही, तर डॉक्टर ती काढणार होते.

"चिपच्या मेमरीत दोन आवाजांना एकच रिकामी जागा दिसते आणि दोन्ही तिथेच बसतात," इंजिनिअर सुमेधाने लिहून दाखवलं.

"मग रुमाल टाका की, मॅडम!" निवृत्त एसटी कंडक्टर असलेले त्र्यंबकराव खदखदून हसले. "खिडकीतून जागा दिसली, की त्याच झटक्यात धरायची!"

सुमेधा ताडकन उठली. जागा पाहणं आणि धरणं तिने एकाच आज्ञेत बांधलं.

"बाबा, ऐकू येतंय?" लेकीने विचारलं.

"येतंय! चहावाला वेगळा, लिफ्ट वेगळी!" ते ओरडले, आणि तिच्याकडे बघतच राहिले. "मुक्ता, हा तुझा आवाज?"

मुक्ताच्या जन्माआधी दोन वर्षं त्यांचे कान गेले होते.