डाव्या पायाचा मोजा

“आजी, मोजा वर चढूनच नाई राह्यला. ये ना वं जरा.”

नातीची हाक ऐकून सिंधूताई दारापर्यंत आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. तेरा वर्षांची मित्रा खाटेवर पाय लांब करून बसली होती. मांडीपर्यंत येणारा तो घट्ट मोजा डाव्या टाचेशीच अडकला होता.

“तुई माय येऊ दे,” सिंधूताई म्हणाल्या.

“आई नांदुऱ्याहून बारा वाजता येईन. माही शाळा अकराची हाय. अन् मोजा घातल्याबिगर पाय खाली सोडाचा नाई, म्हणलं डॉक्टरनं.”

मित्राची आई महामाया अंगणवाडी सेविका. आज तिची मीटिंग होती, म्हणून मित्राचा बाप अश्वजित सकाळीच तिला गाडीवर घेऊन गेला होता. आणि नेमकी आजच मित्रा सव्वा महिन्यानं शाळेत जाणार होती.

सिंधूताईंनी पदराला हात पुसले. हात कोरडेच होते.

वडनेर भोलजीतली कितीतरी लेकरं त्यांनी न्हाऊमाखू घातली होती. कुणाची पाठ धरली, कुणाचा पाय लचकला, की लोक सिंधूताईंचं घर गाठत. म्हणून खो-खो खेळून आलेल्या मित्राचा पाय सुजला, तेव्हा त्यांनी कुणाला विचारलं नाही. लचकला असेल, असं धरून चार दिवस सकाळ-संध्याकाळ तो पाय चोळला. पाचव्या दिवशी पाय निळसर पडला, तेव्हा अश्वजितनं लेकीला अकोल्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पायांतलं रक्त पोटातून वर हृदयाकडे नेणारी एक मोठी शीर असते. मित्राची ती शीर जन्मापासूनच तयार झाली नव्हती. इतकी वर्षं रक्तानं आजूबाजूच्या बारीक शिरांतून वाट काढली, आणि आता ते मांडीत साकळलं, त्याची गुठळी झाली. “यात कुणाचीच चूक नाही,” डॉक्टर म्हणाले. रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांनी लिहून दिली. “फक्त पाय चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात गेली असती, तर...”  सोबत गेलेल्या सिंधूताई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

तेव्हापासून त्यांनी नातीला हात लावला नव्हता. तिचं ताट वाढत, अंथरूण घालत, पण वेणीची वेळ झाली की काहीतरी काम काढून उठत. मागच्या गल्लीतली सून बाळंत झाली, तिची सासू बोलवायला आली. तिलाही त्यांनी गुडघ्याचं निमित्त सांगून परत पाठवलं.

“माह्या हातानं नको, पोरी.”

“मले माहीत हाय काऊन,” मित्रा म्हणाली. “तुले वाटते, तुह्यानं झालं. पर ते शीर तं मी आईच्या पोटात होती तवाच बनली नाई. तवा तू कुठं होती?”

“तवा नसीन. पर ते चार दिवस तं मीच होती ना वं.”

  मित्रानं डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि आजीकडे, खाटेच्या काठाशी सरकवला.

“दहा वाजले, आजी.”

सिंधूताई खाटेवर टेकल्या. टाचेत अडकलेला मोजा त्यांनी आधी सैल केला. मग बोटभर वर. पुन्हा बोटभर वर. घोटा झाला, पोटरी झाली. सूज उतरली होती, तरी हा पाय उजव्यापेक्षा जाडच होता. गुडघ्याशी येऊन त्या थांबल्या.

“दुखलं तं सांग, माय.”

“नाई दुखत.”

मोजा मांडीपर्यंत पोचला. सिंधूताईंनी झटकन हात मागं घेतले.

“आता घड्या काढ,” मित्रा म्हणाली. “घडी राह्यली तं ते तिथं काचते.”

घोट्यापाशी दोन घड्या पडल्या होत्या. सिंधूताईंनी बोटाच्या टोकानं त्या सरळ केल्या. गुडघ्यामागं एक होती, तीही काढली.

“अजून एक हाय. पोटरीवर.”

सिंधूताईंनी वाकून पाहिलं. डोळे पुसून पुन्हा पाहिलं. पोटरीवर मोजा अगदी सपाट बसला होता.

“कुठं वं? मले तं नाई दिसत.”

“हाय तिथं. हात फिरव, म्हंजे समजीन.” मित्रानं उशीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले.

सिंधूताईंनी तिच्या पोटरीवर आपला सगळा तळहात ठेवला आणि नसलेली घडी सावकाश, कितीतरी वेळ काढत राहिल्या.